वारा लागू नये म्हणून

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास एखाद्या मराठी घरात गोड बातमी आली की पहिला फोन आईला जातो आणि दुसरा मंजुषाकाकूंना. आईला व्हिसा मिळायची खात्री नसते, आणि काकूंची तारीख मिळायची त्याहून नसते. "सातवा लागला आणि आत्ता आठवण झाली होय?" असं आधी फडाफडा बोलून घेऊन मग काकू तारीख देत. चाळीस दिवसांचा मुक्काम. आईची आणि बाळाची मालीश, आंघोळी, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि बाळाच्या बापाला धाकात ठेवणं, हे सगळं त्यात आलं. काकू मूळच्या चिपळूणच्या. नवऱ्यामागे इथे आल्या, नवरा औषधांच्या गोदामात कामाला होता, तो जाऊनही अकरा वर्षं झाली. शेजारणीचं बाळंतपण अडीअडचणीला म्हणून केलं आणि पुढे तेच पोटापाण्याचं झालं. आजवर एकशे अठ्ठेचाळीस बाळंतपणं. "माझ्या हातात एकाही पोराला नख लागलेलं नाही," असं त्या सांगत, आणि ते खरं होतं. खरी असलेली फुशारकी फार वाईट. तिला कुणी टोकत नाही.

काकूंचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत होतं: बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. कानाला स्कार्फ, पायात मोजे, पंखा बंद, खिडक्या बंद. खिडकीच्या फटीत, दाराखाली जुन्या साड्यांच्या गुंडाळ्या. इस्पितळातल्या नर्सा मोकळ्या हवेचं कौतुक सांगायच्या तेव्हा काकू मराठीत म्हणायच्या, "पन्नाशीत यांच्या कमरा बघा म्हणावं." नर्सेला कळायचं नाही, बाळंतीण हसायची, आणि खिडकी बंदच राहायची.

त्या जानेवारीत काकू अबोलीकडे होत्या. अबोली ओहायोतल्या डब्लिनची, तिथेच जन्मलेली आणि वाढलेली. मराठी बोलायची, पण शब्द अडला की इंग्रजीचा हात धरायची. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. आईने जे केलं असतं ते कुणीतरी करावं, एवढ्याचसाठी तिने काकूंना बोलावलं होतं, आणि हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा काकूंनी पुढची तारीख लागलेली असूनही तिला होकार दिला. अबोलीचा नवरा सिद्धेश नागपूरचा, एमएस करायला आला आणि इथलाच झाला. दोघांनी एडिसनहून तासाभरावर, डेलावेअर नदीच्या बाजूला सव्वाशे वर्षांपूर्वीचं लाकडी घर घेतलं होतं. मुलगी तीन आठवडे आधी झाली. वजन पाच पौंड आणि वर थोडं. घरी सोडताना डॉक्टरने बजावलं होतं: हिला उबेत ठेवा आणि दर तीन तासांनी पाजा. झोपली असली तर उठवून पाजा.

घराच्या पुढच्या खोलीत एक शेगडी होती. शेगडी कसली, माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी बाई होती ती. डोक्यावर कळस, अंगावर निकेलची चकचकीत झालर, आणि पोटाभोवती अभ्रकाच्या छोट्या छोट्या खिडक्या. घर विकायच्या कागदात तिचं नाव लिहिलं होतं, 'बेसबर्नर'. घर दाखवणाऱ्या बाईलाही ते काय असतं ते सांगता येईना. सिद्धेश तळघरात गॅसचा काही बर्नर असेल म्हणून टॉर्च घेऊन शोधत बसला होता, आणि ती बया वर दिवाणखान्यात उभी. मग त्याने वाचून काढलं: वरून कोळसा भरायचा, तो आपोआप खाली उतरत जळत राहतो, एकदा भरलं की दिवसभर बघायला नको. त्याला वेडच लागलं. ऑक्टोबरात माणूस बोलावून धुराडं नीट करून घेतलं, कठीण चकाकत्या कोळशाच्या पिशव्या आणल्या, दोनदा पेटवूनही पाहिली. काकूंना हे सगळं ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव काही का असेना, शेगडी ती शेगडी. आमचा जन्म गेलाय निखाऱ्यांपुढे."

बाळ नऊ दिवसांचं झालं आणि सिद्धेशला दोन दिवसांसाठी शिकागोला जावं लागलं. तो निघेना. अबोली 'गो, आय एम फाइन' म्हणत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. शेवटी काकूंनीच त्याची बॅग दारात नेऊन ठेवली.

"जा रे. मी आहे ना इथे?"

"काकू, स्टॉर्मचं काहीतरी सांगतायत."

"स्टॉर्म काय घरात येणार आहे? मी दार उघडायची नाही त्याला."

तो गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. बर्फ पडला असता तर बरं, पण हा पाऊस पडता पडता गोठत होता. झाडं, तारा, पायऱ्या, सगळ्यांवर काचेचा थर चढत गेला. साडेनऊला कुठेतरी मोठा कडकडाट झाला आणि घरातला गुणगुणणारा आवाज थांबला. वीज गेली, म्हणजे घर गरम करायचं यंत्रही गेलं. दहा वाजता दारासमोरचं मेपलचं झाड अर्धं मोडून मोटारीच्या वाटेवर आडवं झालं. सिद्धेशचा फोन आला, विमानं कॅन्सल केली होती. वीज कंपनीचा निरोप आला, उद्या संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही.

भिंतीवरचा फॅरनहाइटचा थर्मामीटर अडुसष्टवरून खाली यायला लागला. बासष्ट, साठ. काकूंनी बाळाला टोपीवर टोपी घातली, तीन दुपट्ट्यांत बांधलं, अबोलीच्या छातीशी दिलं. एक वाजता छपन्न. बाळाचे तळवे हाताला गार लागले तेव्हा काकूंनी ते आपल्या तळहातांत धरून चोळले. डॉक्टरचं वाक्य त्यांना इंग्रजीत, जसंच्या तसं पाठ होतं.

दीडच्या सुमाराला दार वाजलं. शेजारची लोइस. त्र्याऐंशी वर्षांची, एकटी, बुटांना खिळ्यांच्या साखळ्या बांधून दोनशे पावलं काचेवरून चालत आलेली. तिच्याकडे गॅसचा हीटर होता, विजेशिवाय चालणारा.

"बाळाला घेऊन माझ्याकडे चला," ती म्हणाली. "मी धरते, मला सवय आहे या बर्फाची."

अबोली उठून बसली. "काकू, लेट्स गो?"

"बाहेर?" काकूंचा आवाज चढला. "दहा दिवसांची ओली बाळंतीण या वाऱ्यात? आणि हे एवढंसं पिल्लू? वर पाय घसरला तर? नाही म्हणजे नाही. इथेच ऊब करू. ही एवढी मोठी शेगडी काय शोभेला ठेवलीय?"

अबोलीने लोइसकडे पाहिलं, मग काकूंकडे. तिला झोप नव्हती, टाके दुखत होते, आणि आईच्या जागी ज्यांना आणलं त्या एवढ्या ठामपणे बोलत होत्या. "ओके," ती म्हणाली आणि परत आडवी झाली. पाय घसरण्याची भीती खरी होती, हे काकूंच्या बाजूने सांगायला हवं. पण 'नाही' म्हणताना काकूंनी त्या भीतीचा हिशेब केलाच नव्हता. वारा म्हटलं की त्यांचं डोकं बंद व्हायचं.

लोइसने वाद घातला नाही. तिचा बाप पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत होता, आणि ती अशाच एका बेसबर्नरसमोर अभ्यास करून मोठी झाली होती. शेगडी पाहून तिचा चेहरा उजळला. तिने बाहीने अभ्रक पुसलं, आधी लाकडाच्या ढलप्या पेटवल्या, मग कोळसा घातला, आणि काकूंना हाताला धरून एकेक गोष्ट दाखवली. मागच्या पाइपवर एक चावी होती, ती फिरवली की धुराची वाट लहानमोठी व्हायची.

"ही बंद करायची नाही," लोइस म्हणाली. "आज धुराडं गार आहे, हवा जड आहे. ही उघडीच ठेवायची. समजलं?"

"यस, यस."

"आणि अलार्म आहे ना? गॅसचा?"

खालच्या मजल्यावर अलार्म एकच होता, धुराचा आणि कोळशाच्या विषारी गॅसचा मिळून. तो काकूंनी पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून उतरवला होता. हिंग-मिरचीच्या फोडणीला तो किंचाळायचा आणि बाळ दचकून उठायचं. काकू प्रत्येक घरी हेच करत. आधी स्वयंपाकघर लावायचं, मग अलार्म उतरवायचा. चाळीस दिवसांनी निघताना कधी परत लावायच्या, कधी राहून जायचं. या घरचा अलार्म मसाल्यांच्या ड्रॉवरमध्ये पडला होता आणि त्याची बॅटरी शेजारी.

"यस," काकू म्हणाल्या. "हॉल."

एवढंच. दोन शब्दांचं खोटं. लोइसपुढे ड्रॉवर उघडायची त्यांना लाज वाटली. मागाहून लावू, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि म्हणताना खरंच लावणार होत्या. पण लोइस गेली, बाळ रडलं, दुपटं बदलायचं झालं, आणि अबोलीच्या पोटात सकाळपासून गरम काही नव्हतं. कळस बाजूला सारून शेगडीच्या माथ्यावर पातेलं चढवून काकूंनी लसणाची फोडणी दिली, मेथी परतली. फोडणीचा वास घरभर पसरला तेव्हा त्यांना अलार्मची आठवण झाली, आणि बरं झालं लावला नाही, असंच वाटलं.

शेगडी मात्र गुणी निघाली. तीन वाजेपर्यंत अभ्रकातून नारिंगी उजेड जमिनीवर सांडायला लागला. काकूंनी वरच्या खोलीतली गादी खाली आणून शेगडीपासून पाच हातांवर टाकली, मायलेकींना तिथे निजवलं, आणि खोलीचं दार ओढून घेतलं. जुनं घर, खिडक्यांना फटीच फटी. आपल्या बॅगेतल्या चार साड्या आणि घरातले टॉवेल घेऊन त्यांनी एकेक फट बुजवली. दाराखाली रजईची गुंडाळी सरकवली. मेणबत्तीची ज्योत धरून पाहिली तर हलेना. काकूंना समाधान वाटलं. तीन वाजता बाळ चांगलं वीस मिनिटं प्यायलं. तळवे गरम झाले होते. अबोली बऱ्याच वेळाने हसली.

"काकू, तुम्ही नसता ना, तर आय डोन्ट नो."

"असू दे. झोप आता."

चारच्या पुढे बाहेर अंधारून आलं. काकू शेगडीजवळ बसून पाइपला हात लावून पाहत होत्या. पाइप कढत होता. म्हणजे सगळी ऊब वर धुराड्यातून आभाळाला चालली होती, आणि कोळशाची एकच पिशवी उरली होती. वीज उद्या संध्याकाळपर्यंत नाही. कोकणात रात्री निखारे राखेखाली झाकले की सकाळपर्यंत टिकायचे, हे त्यांना आईने शिकवलं होतं. ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. आणि या कोळशाला तर धूरही नव्हता. डोळे चुरचुरत नव्हते, ठसका लागत नव्हता, कसला वास नव्हता. जिथे धूर नाही तिथे धोका कसला? काकूंनी पदराने चावी धरली आणि ती पाऊणभर बंदच्या बाजूला फिरवली.

खोली आणखी उबदार झाली. काही वेळ सगळं छान होतं.

पाचच्या आसपास अबोली कपाळ दाबत उठली. "डोकं खूप दुखतंय, काकू. असं, थ्रॉबिंग."

"जागरणं का थोडी झालीत? आणि कान उघडे टाकलेस बघ." काकूंनी स्कार्फ घट्ट बांधला. अबोलीला मळमळलं, तिने पातेल्यात उलटी केली. काकूंनी ओवा चावायला दिला. मेथी जड पडली असेल. पाठ चोळून देताना काकूंना स्वतःलाच कसंसं झालं, कपाळावर कुणीतरी हळूहळू ठोकतंय असं वाटलं. सकाळपासून बसले कुठे मी, त्या मनात म्हणाल्या. अबोली पुन्हा आडवी झाली आणि लगेच झोपली. बाळ तर केव्हाचं शांत होतं. काकूंना त्या शांततेचं कौतुक वाटलं. शेक मानवला पिल्लाला.

एकशे अठ्ठेचाळीस जाऊ द्या, एखाद-दुसरं बाळंतपण केलेली बाई गोंधळली असती, तिने लोइसला हाक मारली असती. काकूंना मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत होतं.

सहा वाजता पाजायची वेळ झाली. काकू उठायला गेल्या आणि पाय उचलेनात. जणू कुणी मांड्यांत वाळू भरली होती. भिंतीला धरून त्या गादीपर्यंत आल्या. "अबोली, ऊठ गं, पाजायचंय." अबोलीने डोळे अर्धे उघडले, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा मिटले. काकूंनी बाळाला उचललं. गरम होतं, गाल गुलाबी होते. इतके सुरेख गुलाबी की दृष्ट लागावी. दुपटं सोडलं, तळव्याला टिचकी मारली. बाळाने पाय ओढला नाही. मग काकूंनी करंगळी त्याच्या ओठाला लावली.

करंगळी ओठाला लागली की बाळ तोंड वळवतं. झोपेत वळवतं, तापात वळवतं, पोट भरलेलं असलं तरी वळवतं. एकशे अठ्ठेचाळीस बाळांनी वळवलं होतं. या बाळाने वळवलं नाही. काकूंनी करंगळी दाबून हिरडीवर फिरवली. जीभ पडून राहिली.

त्या क्षणी त्यांच्या डोक्यात कारणं संपली. डोकेदुखी, उलटी, जड पाय, न हलणारी मेणबत्तीची ज्योत, चावी, आणि ड्रॉवरमधला तो पांढरा डबा, सगळं एका दमात त्यांच्यापुढे उभं राहिलं. त्या ओरडल्या, पण आवाज घशातून नीट निघाला नाही.

बाळाला छातीशी धरून त्या खिडकीकडे गेल्या. साडीची गुंडाळी उपसली, चौकट वर ढकलली. खिडकी बाहेरून बर्फाने सांधली होती. पुन्हा ढकलली. तोल जाऊन त्या पडल्या, पण बाळावर नाही, पाठीवर. पडल्या जागेवरून हाताला कोळशाची फावडी लागली. तिच्या आधाराने उठल्या आणि फावडीचा दांडा काचेत घातला. एक तावदान फुटलं. दुसरं फुटलं. वारा आत घुसला, सुऱ्यासारखा थंड. पंचवीस वर्षं ज्याला त्यांनी एकाही बाळंतिणीच्या उंबऱ्यापाशी येऊ दिलं नव्हतं, त्याच्यासमोर काकूंनी बाळ धरलं. वरची टोपी काढली, खालचीही फेकली, दुपटं सोडून तोंड उघडं केलं.

"घे," त्या म्हणत होत्या. "घे गं बाई, घे, वारा घे."

बाळ हलेना. आणि मागे अबोली होती.

दार. दाराखालची रजई काकूंनी पायाने ओढली, ती निघता निघेना, त्यांनीच दाबून बसवलेली. शेवटी दार उघडलं, मग पुढचं दार. बाळाला एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांनी अबोलीच्या खांद्याखाली धरलं. "ऊठ! अबोली, ऊठ, नाहीतर मरशील!" अशी भाषा त्यांनी बाळंतिणीशी कधी वापरली नव्हती. अबोली ढोपरांवर आली. ओढत, सरपटत, एकीला दुसरीचा आधार म्हणावा तर दोघींनाही नाही, अशा त्या उंबरा ओलांडून व्हरांड्यात आल्या आणि बर्फाच्या काचेवर कोसळल्या. काकूंनी अबोलीच्या कानावरचा स्कार्फ स्वतःच्या हाताने उपटून काढला.

"लोइस!" आता आवाज निघाला. चिपळूणच्या नदीपलीकडे ऐकू जावा असा निघाला. "लोइस! हेल्प! बेबी!"

पलीकडच्या व्हरांड्यात बॅटरीचा उजेड हलला. काकू बाळाच्या पाठीवर बोटं घासत होत्या, जोराने, मालिशीसारखी नाही, भांडं घासल्यासारखी. पाऊस त्याच्या तोंडावर पडत होता. एक मिनिट, दोन, किती वेळ ते काकूंना नंतर कधीच सांगता आलं नाही. मग बाळाने तोंड वाकडं केलं. श्वास आत ओढला, थांबलं, आणि मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात रडलं. काकूही रडायला लागल्या, हुंदके देऊन, वेड्यासारख्या. "रड," त्या म्हणाल्या, "आणखी रड."

लोइसने फोन केल्यावर गावातल्या अग्निशामक दलाची माणसं झाड कापून वीस मिनिटांत आली. तोवर लोइसने तिघींना आपल्या घरातून आणलेल्या चादरींत गुंडाळलं होतं. कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र हातात घेऊन आत गेलेला माणूस लगेच बाहेर आला आणि त्याने सगळी दारं उघडून टाकायला सांगितलं. आणखी दहा मिनिटं आत राहिल्या असतात तर, एवढंच तो बोलला. मग त्याने विचारलं, "अलार्म वाजला नाही?"

अबोलीच्या तोंडावर ऑक्सिजन होता. लोइस काकूंकडे बघत होती. काकूंनी मान फिरवली. पुन्हा कुणी विचारलं नाही, कारण बाळाला रुग्णवाहिकेत चढवायची घाई होती.

इस्पितळात रात्रभर बाळाला आणि अबोलीला ऑक्सिजन लावून ठेवला. काकूंनाही थोडा वेळ लावला. दर काही तासांनी बाळाचं रक्त तपासायचे, आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या काकू नर्सेच्या चेहऱ्याकडे बघायच्या. सकाळी आठ वाजता डॉक्टर बाई आली. रक्तातल्या विषाचा आकडा उतरला होता. बाळ हात झटकत होतं. पुढे लक्ष ठेवावं लागेल, पण सध्या धोका टळला होता. नर्सेने येऊन काकूंना मिठीच मारली. "यू सेव्ह्ड देम," ती म्हणाली. अग्निशामकवाल्यांनी काचा फोडणाऱ्या आजीबाईंची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. अबोलीनेही मुखवटा बाजूला करून त्यांचा हात धरला होता, आणि "काकू, तुम्ही उघडलंत सगळं," असं म्हणून डोळे मिटले होते. काकूंनी तिच्या कपाळावरचे केस सारखे केले. आजारी बाईला आत्ता कशाला सांगा, असं त्या मनाशी म्हणाल्या. मनाला पटेल असं कारण काकूंना नेहमीच लगेच सापडायचं.

सिद्धेश दहा वाजता आला. शिकागोहून रात्रभर गाडी चालवत, न जेवता, न झोपता. आत जाऊन त्याने दोघींना पाहिलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पुसून काढल्यासारखा झाला होता. कॉरिडॉरमधल्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, इस्पितळाने दिलेल्या घसरत्या मोज्यांत, हातावर काचेच्या जखमांच्या पट्ट्या. इथे आल्यापासून बारा वर्षांत जे त्याने कुणाला केलं नव्हतं ते तो करायला लागला. सगळ्यांसमोर खाली वाकला, काकूंच्या पावलांना हात लावायला.

पावलांपर्यंत वीतभर अंतर राहिलं होतं. काकूंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"थांब."

तो वाकलेलाच वर बघायला लागला.

"खिडक्या मी फोडल्या ते खरं आहे," काकू म्हणाल्या. "त्या बुजवल्याही मीच होत्या, साड्या कोंबून. पाइपची चावी मी फिरवली. लोइसने नको म्हणून बजावलं होतं तरी फिरवली. ती त्यांना तिच्या घरी नेत होती, मी जाऊ दिलं नाही. आणि तुझा अलार्म मी पहिल्याच दिवशी काढून मसाल्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. फोडणीला वाजतो म्हणून. लोइसने विचारलं, तर आहे म्हणून खोटं सांगितलं." त्या थांबल्या. पुढचं कुणी विचारलेलं नव्हतं. "प्रत्येक घरी काढते मी तो. कितींच्या घरी परत लावला, ते मला आठवत नाही."

सिद्धेश हळूहळू सरळ झाला. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. तो वळून आत गेला. दार आपोआप मिटलं.

काकू बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने दार पुन्हा उघडलं. सिद्धेश चार पावलांवर उभा राहिला. तो ओरडला असता तर काकूंना बरं वाटलं असतं.

"तुमची बॅग मी आणून देतो, काकू. एडिसनला सोडायला कॅब सांगतो."

"बरं," काकू म्हणाल्या.

तो जायला लागला. काकूंनी खुर्चीचे हात धरले. विचारायचा आपल्याला आता हक्क नाही, हे त्यांना कळत होतं, तरी विचारलं. "नऊला पाजायची वेळ होती रे. प्यायली का?"

सिद्धेश पाठमोराच थांबला.

"प्यायली," तो म्हणाला. "पूर्ण प्यायली."